विलग जाळी आणि बिनतारी सेतू

एका गावात मोठे रुग्णालय आहे, आणि तेथून बारा-पंधरा किलोमीटरांवरच्या दुसऱ्या गावात त्याच रुग्णालयाची दोन खोल्यांची शाखा आहे, असे समजू. दोन्ही ठिकाणी संगणक आहेत. रुग्णालयातले संगणक आपसांत तारांनी जोडलेले आहेत, शाखेतले शाखेपुरते जोडलेले आहेत. म्हणजे दोन जाळी आहेत, आणि दोन्ही आपापल्या भिंतींआड सुखाने चालली आहेत. पण शाखेत आलेल्या रोग्याचा डोळा रुग्णालयातल्या डॉक्टरांना तेथूनच दिसावयाचा असेल, तर ही दोन जाळी एकमेकांस मिळाली पाहिजेत. मध्ये शेते आहेत, ओढा आहे, रेल्वेचा रूळ आहे, कोणाकोणाचे बांध आहेत. एवढ्या अंतरावर तार पुरावयाची म्हणजे प्रत्येकाची परवानगी आणि मीटरामीटराला खर्च. तेव्हा तार न ओढता, हवेतून, ही दोन जाळी जोडता येतील काय? येतात. ती कशी जोडतात, आणि जोडलेली का तुटतात, ह्याचा विचार आपण येथे करणार आहोत. ह्या विषयातला अवघड भाग लोक समजतात तेथे नाही, असे आमचे मत आहे. लहर दूर पोचवणे हे त्या मानाने सोपे काम. लहर पोचल्यावर दोन्ही टोकांनी बोलण्याची पाळी पाळणे, आणि सेतूवरून काय जाऊ द्यावयाचे व काय अडवावयाचे हे ठरवणे, ह्यांत खरी मेख आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'वाय-फाय' आणि 'इंटरनेट' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. 'वाय-फाय गेले' असे घरात कोणी ओरडले, तर पुष्कळदा वाय-फाय शाबूत असते आणि बाहेरून येणारी तार मेलेली असते. वाय-फाय ही यंत्रांची एक बिनतारी बोली आहे. तिचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले, आणि ते ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इमारतीच्या आतले, फार तर आवारातले संभाषण होते. बाहेरच्या जगाशी काडीचाही संबंध नसताना दोन यंत्रे ह्या बोलीत खुशाल बोलू शकतात. आपला सेतू ह्याच बोलीचा बांधावयाचा आहे. इंटरनेट त्यावरून गेले तर गेले, न गेले तरी सेतू हा सेतूच.

आता जाळ्याच्या आत काय चालते ते पाहू. संगणकाला जे पाठवावयाचे असते ते तो लहान लहान पाकिटांत घालून पाठवतो. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, एक घेणाऱ्याचा आणि एक पाठवणाऱ्याचा. साऱ्या तारा एका पेटीत येऊन मिळतात; तिला स्विच म्हणतात. ही पेटी एखाद्या नव्या पोस्टमनसारखी असते. तिला गावाची यादी कोणी दिलेली नसते. पण दारातून पाकीट आले की ती पाठवणाऱ्याचा पत्ता वाचते आणि टिपून ठेवते, की हे गृहस्थ ह्या दारापलीकडे राहतात. पुढे त्यांच्या नावाचे पाकीट आले की ते नेमके त्याच दाराने जाते. ज्याचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही अशाचे पाकीट आले, तर ती ते सगळ्या दारांतून टाकते. ज्याचे असेल तो घेईल. काही पाकिटे तर मुळातच सर्वांसाठी असतात. 'अमुक क्रमांकाचे यंत्र तुमच्यात कोण आहे?' असे संगणकाला विचारावयाचे असते, तेव्हा तो दवंडीच पिटतो, आणि ती जाळ्यातल्या प्रत्येकाच्या कानी जाते. दवंडीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यामुळेच आपल्या सेतूचा जीव मेटाकुटीस येणार आहे.

दोन जाळ्यांच्या मध्ये बसून, दोन्हीकडची ओळख अशीच आपली आपण करून घेऊन, लागेल तेवढेच पाकीट पलीकडे सोडणारी पेटी म्हणजे सेतू. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीत अशा पेट्या तयार झाल्या. तेथे एक अडचण लौकरच दिसली. एक सेतू बंद पडला तर दुसरा असावा, म्हणून लोकांनी दोन जाळ्यांत दोन सेतू टाकले, की दवंडी एका सेतूने पलीकडे जाई, दुसऱ्याने परत येई, आणि पुन्हा पहिल्याने जाई. ह्या पाकिटांना आयुष्याची मर्यादा नसते. ती फिरतच राहतात, प्रत्येक फेरीत वाढतात, आणि काही क्षणांत सारे जाळे घोंगावू लागते. रेडिया पर्लमन ह्या विदुषीने १९८५ साली ह्यावर तोड काढली. सगळ्या सेतूंनी आपसांत निरोप देऊन फांद्यांसारखी एकच वाट उघडी ठेवावी आणि उरलेल्या वाटा झोपवून ठेवाव्यात. उघडी वाट तुटली तरच झोपलेलीला जागे करावे. आपल्या निबंधाच्या आरंभी तिने ह्या युक्तीवर एक छोटी कविताही घातली आहे. तांत्रिक निबंधात कविता क्वचितच सापडते, म्हणून ह्याचा उल्लेख केला.

येथवर सारा कारभार तारेचा झाला. हवेतून संगणकांची पाकिटे पाठवण्याचा उद्योग त्याच्याही आधीचा आहे, आणि तो समुद्राने तोडलेल्या बेटांवर झाला ह्यात नवल नाही. हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये 'अलोहानेट' चालू केले. दूरच्या ठिकाणच्या यंत्रांनी रेडिओवरून मध्यवर्ती संगणकाशी बोलावयाचे होते, आणि सर्वांना बोलण्यासाठी लहर एकच होती. अ‍ॅब्रॅमसन ह्यांनी नियम फार साधा ठेवला. बोलावेसे वाटले की बोलावे. पोचपावती आली तर ठीक, न आली तर कोणाच्या तरी बोलण्यावर आपले बोलणे आदळले असे समजून थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. किती थांबावयाचे ते प्रत्येकाने लहरीवर सोडावे, म्हणजे तेच दोघे पुन्हा एकदम बोलणार नाहीत. ह्या सोप्या नियमाची किंमतही हिशेबाने काढता येते. असे केल्याने लहरीच्या पूर्ण क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास उपयोगात येते. ठरलेल्या ठोक्यांवरच बोलावयाचे असा निर्बंध घातला तर ३७ टक्क्यांच्या जवळ. बाकीचा वेळ शांततेत आणि आदळआपटीत जातो. वाय-फायने ह्या नियमाला एका शिष्टाचाराची जोड दिली. आधी कान द्यावा, हवा शांत आहे अशी खात्री करावी, मग बोलावे. एका दिवाणखान्यात हा शिष्टाचार उत्तम चालतो. तो पंधरा किलोमीटरांवर का चालत नाही, हे पाहण्यासाठी आता आपण एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे जाऊ.

तमिळनाडूत, सह्याद्रीच्याच दक्षिणेकडल्या रांगांच्या पायथ्याशी, थेणी नावाचे गाव आहे. तेथे अरविंद नेत्र रुग्णालयाची एक शाखा आहे. ही संस्था डॉ. जी. वेंकटस्वामी ह्यांनी १९७६ साली मदुराईला अवघ्या ११ खाटांवर चालू केली, आणि पुढे तिने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत केलेले काम सर्वश्रुत आहे. खेड्यातला म्हातारा माणूस डोळे दाखवावयाला शहरात येत नाही, त्याचे कारण बहुधा भीती नसते. त्याला आणावयाला घरातल्या कोणाची तरी एक दिवसाची मजुरी बुडते, वर एस्टीचे भाडे. मग 'पुढच्या हंगामानंतर पाहू' असे म्हणता म्हणता दृष्टी जाते. ह्यावर संस्थेने लहान लहान दृष्टिकेंद्रे काढली. तेथे डॉक्टर नसतो. शिकवून तयार केलेली एक व्यक्ती डोळे तपासते, आणि डॉक्टर दूर रुग्णालयात बसून पडद्यावर रोग्याला पाहतो, त्याच्याशी बोलतो. बहुतेकांना चष्मा किंवा औषध पुरते. ज्याला शस्त्रक्रिया हवी त्यालाच पुढे धाडावयाचे. पण ह्यासाठी सेकंदाला सुमारे २५६ किलोबिट इतकी वाट दोन्ही दिशांनी, न अडखळता, हवी. आणि त्या काळी खेड्यातल्या टेलिफोनच्या तारेवर तेवढे मिळणे कठीण होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील एरिक ब्रूअर ह्यांच्या संशोधकगटाने रुग्णालयाबरोबर हे काम हाती घेतले. त्यांनी स्वस्त, बाजारात मिळणारी वाय-फायचीच यंत्रे घेतली आणि त्यांना जाळीच्या, एकाच दिशेला पाहणाऱ्या अँटेना लावल्या. २००७ साली त्यांनी जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात थेणीच्या रुग्णालयाशी जोडलेली पाच दृष्टिकेंद्रे आहेत. सर्वांत आखूड दुवा सुमारे १ किलोमीटरचा, सर्वांत लांब १५ किलोमीटरांचा. काही अँटेना २४ ते ४२ मीटर उंचीच्या मनोऱ्यांवर आहेत, काही गच्चीवरच्या खांबांवर, आणि एक कापडाच्या कारखान्यातल्या वीजघराच्या धुराड्यावर चढवलेली आहे. आहे त्या उंचीचा उपयोग करून घेण्याची ही वृत्ती आम्हाला फार आवडली. आपल्या बाजूलाही ह्या कामाला कायद्याची वाट त्याच सुमारास मोकळी झाली होती: सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलनांचा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवान्यावाचून खुला केला.

मनोरे एवढे उंच कशाला, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. समोरचे धुराडे दुर्बिणीतून दिसले म्हणजे झाले, असे वाटते. पण तसे नाही. दोन अँटेनांमधली लहर ताणलेल्या दोरीसारखी जात नाही. ती मध्ये फुगलेल्या काकडीसारखी जाते, आणि काकडीच्या पोटात झाडाचा शेंडा किंवा घराचे आढे आले तर पलीकडे पोचणारी शक्ती घटते, जरी नजरेला वाट मोकळी दिसत असली तरी. १५ किलोमीटरांच्या दुव्यात ह्या काकडीची मध्यावरची त्रिज्या २१-२२ मीटर भरते. निदान तिचा साठ टक्के भाग, म्हणजे १३ मीटर, मोकळा हवा. त्यात पृथ्वी सपाट नाही. एवढ्या अंतरात मध्यावर जमिनीचा फुगवटा तीन मीटरांहून थोडा अधिक असतो. म्हणजे मध्ये वीस मीटरांचे नारळीचे झाड असेल तर लहरीची रेषा जमिनीपासून छत्तीस मीटरांवरून गेली पाहिजे. मनोऱ्यांच्या उंचीचा उलगडा येथे होतो.

शक्तीचा हिशेबही मौजेचा आहे. अँटेना सर्व दिशांना सारखी लहर सोडीत असती, तर १५ किलोमीटरांवरच्या तशाच अँटेनेला पाठवलेल्या शक्तीचा सुमारे सव्वादोन लाख कोटींतला एक अंश मिळाला असता. जाळीची अँटेना तीच शक्ती एका अरुंद झोतात गोळा करते, सुमारे अडीचशे पटींनी. आणि पलीकडची अँटेना ऐकतानाही तेवढीच मदत करते. दोन्ही मिळून हा अंश साडेतीन-चार कोटींतला एक होतो. ऐकताना इतका क्षीण वाटतो, पण ह्या यंत्रांना तो भरपूर पुरतो. उंची मिळाली तर अंतर कुठवर नेता येते, ह्याचे उदाहरण व्हेनेझुएलाचे आहे. तेथे एर्मान्नो पिएत्रोसेमोली ह्यांनी २००७ साली अँडीज पर्वतातील चार हजार मीटरांहून उंच अशा एका शिखरावरून ३८२ किलोमीटरांवरच्या डोंगरापर्यंत वाय-फायचाच दुवा जोडून दाखवला. त्या अंतराच्या मध्यावर पृथ्वीचाच फुगवटा दोन हजार मीटरांहून अधिक आहे. शिखर मिळाले तर लहर जाते, हे म्हणूनच आम्ही आरंभी सोपे काम म्हटले.

आता पाळीचा प्रश्न. वाय-फायमध्ये प्रत्येक पाकिटाची पोचपावती मागितली जाते, आणि ती ठरावीक वेळात आली नाही तर पाकीट हरवले असे धरले जाते. हा वेळ सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजतात. प्रकाश आणि रेडिओची लहर एका किलोमीटराला असे ३.३ भाग घेतात. पंधरा किलोमीटर जावयाला ५०, आणि पावती परत यावयाला आणखी ५०. जुन्या वाय-फायमध्ये बोलण्याच्या पाळीचा एक ठोका २० भागांचा असतो. तेवढ्यात लहर सहा किलोमीटर जेमतेम ओलांडते. मग काय होते? धुराड्यावरचे यंत्र पाकीट पाठवते, वाट पाहते, पावती वेळेत येत नाही, म्हणून तेच पाकीट पुन्हा पाठवते. वास्तविक पहिले पाकीट सुखरूप पोचलेले असते, पावतीही निघालेली असते. ती आता ह्या दुसऱ्या, निरर्थक पाकिटावर येऊन आदळते. सेतू उभा आहे, लहर चांगली आहे, आणि तरी काम रांगते. आकडे पाहणाऱ्याला वाटते की अँटेना हलली असावी, आणि तो बिचारा मनोऱ्यावर चढतो.

वाट पाहण्याचा वेळ वाढवता येतो, आणि तो वाढवावाच लागतो. पण दुसरी व्याधी त्याने बरी होत नाही. 'आधी ऐका, मग बोला' हा शिष्टाचार येथे फसतो. कारण पलीकडच्याने बोलावयास आरंभ केला तरी तो आपल्या कानी यावयाला ५० भाग लागतात, आणि तेवढ्या अवधीत हवा शांतच आहे असे समजून आपणही तोंड उघडलेले असते. दोघेही सभ्य, दोघेही कान देऊन ऐकणारे, आणि दोघांचे शब्द मध्ये आदळून फुकट.

बर्कलीच्या गटाने, राबिन पात्रा आणि सहकाऱ्यांनी, ऐकण्याचा शिष्टाचार मोडून सरळ घड्याळ आणले. एवढा वेळ तुझा, एवढा माझा. आपल्या वेळात पाकिटांचा गठ्ठाच्या गठ्ठा पाठवावयाचा, प्रत्येकाची वेगळी पावती मागावयाची नाही. पलीकडच्याने आपली पाळी आली की आपल्या गठ्ठ्याबरोबर 'ही आली, ही राहिली' अशी एकच यादी पाठवावी. शिवाय काही जादा पाकिटे अशी जोडावयाची की त्यांवरून हरवलेल्या एखाद-दुसऱ्याचा मजकूर पुन्हा जुळवता यावा, म्हणजे बोलणाऱ्या डॉक्टरांचा आवाज मध्येच तुटत नाही. एवढ्याने त्याच यंत्रांवर, त्याच अँटेनांनी, दुव्याची प्रत्यक्ष वहनशक्ती दुप्पट ते पाचपट झाली. वर सांगितलेल्या व्हेनेझुएलाच्या दुव्यावरही ह्याच गटाची कार्यपद्धती वापरली होती, आणि तेथे दोन्ही दिशांनी सेकंदाला सुमारे तीन-तीन मेगाबिट मिळाले.

ह्याच्या थोडे आधी, २००५ साली, भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू ह्यांनी ह्याच दुखण्याच्या दुसऱ्या अंगावर उपाय सुचवला होता. रामन तेव्हा कानपूरच्या आय. आय. टी.त होते; पुढे दोघेही मुंबईच्या आय. आय. टी.त आले. एका मनोऱ्यावर तीन गावांकडे पाहणाऱ्या तीन अँटेना असतील, तर त्यांतली एक बोलत असताना शेजारच्या दुसरीला दूरच्या गावाचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. कानाशी कोणी ओरडत असावे तसे होते. ह्यावर त्यांनी असे सांगितले की मनोऱ्यावरच्या सर्व अँटेनांनी एकदम बोलावे आणि सर्वांनी एकदम ऐकावे. भजनात पुढचा ओळ सोडतो आणि मागचे सारे ती एकदम उचलतात, तशी ही व्यवस्था. उपाय सांगितल्यावर सोपा वाटतो.

आता आपण सेतूवरच्या पाकिटांकडे वळू. येथे घरगुती साधने घेऊन सेतू बांधणारा मनुष्य हमखास ठेचाळतो. तारेच्या पाकिटावर दोन पत्ते असतात असे आपण पाहिले. हवेतल्या पाकिटावर ते पुरत नाहीत. आपला मोबाईल घरातल्या वाय-फायच्या पेटीकडे पाकीट देतो तेव्हा तीन नावे लागतात: देणारा मोबाईल, घेणारी पेटी, आणि शेवटी ज्याला पोचवावयाचे तो. पाकीट लिहिणारा आणि हातात देणारा एकच, म्हणून तीन पुरतात. पण छपरावरचे यंत्र जेव्हा आपल्या मागच्या खोलीतल्या संगणकाच्या वतीने पाकीट देते, तेव्हा लिहिणारा एक आणि देणारा दुसरा होतो. आता चौथे नाव हवे. साध्या पद्धतीने जोडलेल्या यंत्राला ते लिहावयाला जागाच नसते; म्हणून छपरावरचे यंत्र जोडले जाते, दिवा हिरवा लागतो, आणि मागचे संगणक मात्र पलीकडे दिसत नाहीत. वाय-फायच्या प्रमाणात चौथ्या पत्त्याची सोय पहिल्यापासून आहे. पण ती वापरून दोन टोकांनी आपसांत दुवा कसा जुळवावयाचा हे पुरते ठरवलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक कारखानदाराने आपापली रीत काढली, आणि एकाची पेटी दुसऱ्याच्या पेटीशी बोलेना. काही यंत्रे मागच्या सर्वांची पाकिटे स्वतःच्याच नावावर खपवतात आणि उत्तर आले की ज्याचे त्याला वाटून देतात. ही युक्ती पुष्कळदा भागते, पण नावे लपवल्यामुळे कोण कोठे आहे ह्याचा पुढे गोंधळ उडतो. दोन्ही टोकांना एकाच घराण्याची यंत्रे घ्यावीत आणि चार पत्त्यांचीच रीत वापरावी, असे आमचे मत आहे.

हे जमले की दोन्ही जाळी खरोखरच एक होतात. आणि तेथेच नवे संकट उभे राहते. एक झाली म्हणजे इकडची प्रत्येक दवंडी तिकडे जाऊ लागते. शाखेतल्या छापयंत्राची चौकशी, कोणाच्या संगणकाने सकाळी घातलेली हाक, सारे पंधरा किलोमीटर हवेतून जाते, जरी पलीकडे त्याचे कोणालाही घेणेदेणे नसले तरी. तारेत जागा मुबलक असते, तेथे हे खपते. हवेतली वाट अरुंद. त्यात साध्या वाय-फायमध्ये दवंडीचे पाकीट सर्वांना समजावे म्हणून सर्वांत मंद गतीच्या बोलीत बोलले जाते, म्हणजे ते आकाराने लहान असूनही वेळ मोठा खाते. शाखेत कोणी एक तार चुकून एकाच स्विचच्या दोन दारांत खोचली की पर्लमनबाईंनी वर्णिलेले घोंगावणारे वादळ सेतूवरून रुग्णालयात शिरते, आणि डॉक्टरांपुढचा रोग्याचा चेहरा गोठतो.

म्हणून दोन जाळ्यांच्या सीमेवर केवळ सेतू न ठेवता राउटर ठेवावा, असे आम्ही म्हणतो. राउटर पाकिटावरचा कारखान्याचा पत्ता पाहत नाही. तो गावाचा क्रमांक पाहतो, आणि दवंडी उंबऱ्याच्या आतच ठेवतो. प्रत्येक इमारतीला आपला क्रमांकांचा वेगळा गट द्यावा, मधला हवाई दुवा हा तिसरा लहानसा गट समजावा. ह्याला थोडी आखणी लागते. सेतू बांधणारा म्हणतो, 'आखणी कशाला, सगळे एकच करू.' तीन-चार संगणकांच्या दोन खोल्या, मध्ये अंगण, एवढाच मामला असेल तर त्याचे खरे आहे; तेथे राउटरचा खटाटोप कोणी करू नये. पण शाखा दोनाच्या चार होणार असतील, तर आज वाचवलेली आखणी उद्या रात्री बेरात्री करावी लागते. छपरावरच्या जोडीने चार पत्त्यांनी इमानाने पाकिटे वाहावीत, आणि त्यांच्या मागे दोन्ही अंगणांत एकेक राउटर असावा, ही मांडणी आम्हाला सर्वांत निर्धोक वाटते.

एवढे करूनही दुवे बंद पडतातच. बर्कलीच्या त्याच गटाने २००८ साली अरविंदच्या आणि धरमशालेच्या जाळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात सर्वांत मोठा शत्रू म्हणून वीज उभी आहे. वीज जाण्याने जितके नुकसान होते, त्याहून ती वाईट येण्याने अधिक होते. दाब एकदम चढतो आणि पेटी जळते. किंवा बॅटरी उतरत जाते, दाब हळूहळू घटतो, आणि पेटी मरतही नाही, जगतही नाही. ती अर्धवट शुद्धीत राहते, आणि वीज परत आली तरी कोणी बटण बंद करून चालू केल्यावाचून भानावर येत नाही. हे बटण पंधरा किलोमीटरांवर आहे, आणि तेथे पोचण्याची एकच तांत्रिक वाट म्हणजे जो तुटला आहे तोच दुवा! ह्यावर त्यांनी ठरावीक पातळीखाली दाब गेला की वीज स्वच्छ तोडणारे साधन बसवले, अडलेल्या यंत्राला आपोआप पुन्हा चालू करणारे घड्याळ जोडले, आणि मोबाईल फोनवरून आत शिरण्याची एक मागची वाट ठेवली. केंद्रातल्या माणसांना कोणता दिवा काय सांगतो हे शिकवले. ह्यांतले काहीही शोधनिबंधाच्या दृष्टीने थोर नाही, पण ह्या जाळ्यावरून हजारो रोग्यांची तपासणी झाली ती ह्यामुळेच.

आपल्या पालघरकडेही असे एक काम झाले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' ह्या नावाने खामलोळी आणि आसपासच्या गावांत बिनतारी दुवे जोडले. तेथे आधी त्यांनी वाय-फायच्या नेहमीच्या पट्ट्याऐवजी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून सात गावे जोडून पाहिली. २०१४ साली ह्याच गटाने हिशेब मांडला होता की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ वाहिन्यांपैकी देशात कोणत्याही ठिकाणी निदान १२ रिकाम्या सापडतात. ही लहर लांब असते, हातभर म्हणा, २.४ गिगाहर्ट्झची लहर सहा-सात बोटांची. लांब लहर झाडीतून पुष्कळ बरी पार होते, म्हणून मनोऱ्याची उंची कमी चालते. पुढे त्यांनी परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अधिक गावे घेतली. तेथे यंत्रे स्वस्त आणि सहज मिळणारी. पण लहर आणखी आखूड, म्हणून वाट निखळ मोकळी हवी.

देशभर काचतंतूची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, आणि आता ती 'भारतनेट' ह्या नावाने चालते. ही तार पंचायतीच्या कचेरीत येऊन थांबते. पालघरसारख्या मुलखात गाव म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले पाडे. कचेरीपासून शेवटचा पाडा दोन-तीन किलोमीटर सहज असतो. हे अंतर हवेतून ओलांडणे अजूनही सोयीचे आहे, आणि थेणीच्या मानाने ते फारच थोडे. तरीही मोजणी करणाऱ्याने एक पथ्य पाळावे. ह्या भागात सागाची झाडे पुष्कळ. उन्हाळ्यात त्यांची पाने झडलेली असतात आणि टेकडीवरून पलीकडचे कौलही स्पष्ट दिसते. जून-जुलैत तीच झाडे सुपाएवढ्या ओल्या पानांनी भरतात, आणि ओले पान ह्या आखूड लहरी चांगल्याच शोषते. तेव्हा खांबाची उंची ठरवण्यासाठी जावयाचे ते श्रावणात जावे, छत्री घेऊन.